माझं पान सरळच उठतं

२ सप्टेंबर, सोमवार

व्यायामवाली पोरगी म्हणाली, आजी, रोज दहा ओळी लिहा, उजव्या हाताला वळण येईल. म्हटलं, बाई, माझ्या हाताला वळण माझ्या आईने लावलंय, लाटणं मारून. तरी लिहितेय. काय लिहायचं ते ती बोलली नाही. चौथीनंतर मी दुधाच्या हिशोबापलीकडे काही लिहिलेलं नाही.

हाताला तसं काही झालेलं नाही. एप्रिलमध्ये झटका आला तो बारीक होता. डॉक्टरच म्हणाला, बारीक. तोंड जरा वाकडं झालं होतं, ते महिन्यात सरळ झालं. लेक म्हणते अजून वाकडंच आहे. पण तिला माझं तोंड पहिल्यापासून वाकडंच दिसतं.

ठरवलं: या महिन्यात हात पूर्वीसारखा. पुढच्या महिन्यात पोरीला रजा.

या दहा ओळींहून जास्तच झाल्या. म्हणजे हात सुधारतोय.

३ सप्टेंबर

कामाचंच लिहिते. दुसरं आहे काय माझ्याकडे.

सूनबाई चामड्याचे दागिने करते. कानातली, गळ्यातली, मनगटाला बांधायचे पट्टे. पूर्वी या घरात कमरेचे पट्टे आणि पाकिटं व्हायची, शहाण्या माणसाला लागणारी वस्तू. दागिने हे हिचं खूळ. माझ्या मुलाने ते खूळ डोक्यावर घेतलं, आणि महिनाभर कानस चालवून हिच्यासाठी पितळेचा ठसा केला. पानाचा. मधे एक शीर, दोन्ही बाजूंना केसासारख्या बारीक. चामड्याची गोल चकती ओलसर करायची, वर ठसा धरायचा, लाकडी हातोडीचा एक ठोका. एकच. दुसरा मारला की दुहेरी रेघ येते आणि माल गेला. मग वाळवायची, रंगवायची. तो ठोकायचा, ही रंगवायची.

दोन वर्षांमागे एका दुपारी तो हातोडी खाली ठेवून पाणी प्यायला उठला. नळापर्यंत पोचला नाही.

पंधरा दिवसांनी हातोडी मी उचलली. रडून चामड्यावर ठसा उठत नाही.

तेव्हापासून हा धंदा माझ्या हातावर चाललाय. मी नाही म्हणत, सूनबाईच म्हणते. एकदा म्हणाली होती.

५ सप्टेंबर, सकाळी

पाच चकत्या ठोकल्या. झटक्याच्या आधी चाळीस व्हायच्या. पण घाई कशाला? चाळीस भाराभर करण्यापेक्षा पाच मन लावून.

पान जरा डावीकडे झुकलं. चामडं फार भिजवलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, तशी गत आहे सूनबाईची. पाच चकत्या भिजवायच्या, तेही जमत नाही. सुनावलं. ती म्हणाली, उद्या पाणी कमी लावते.

६ सप्टेंबर

आज फार कोरडं. पान उठलं पण पुसट. सुनावलं.

९ सप्टेंबर

नातीचे फोटो आले. माझ्या मुलाची मुलगी ती, दुसऱ्या गावी शिकते आणि आपल्या आईचे दागिने फोनवर विकते. एका मुलीच्या कानात आमची कानातली, तपकिरी, कडेला हिरवट छटा. फोटो बोटांनी मोठा करून बघितला. माझं पान त्यात इतकं सरळ दिसतं की मलाच नवल वाटलं. सगळ्या शिरा मोजून घ्याव्यात. सूनबाईला म्हटलं, बघ, तू उगाच तोंड पाडून बसतेस माझ्या चकत्या बघून. फोटोत सगळं बरोबर येतं. ती हो म्हणाली आणि कात्री शोधायला गेली. कात्री तिच्या हातातच होती.

माणूस कामाने पार गोंधळून गेलंय.

११ सप्टेंबर

लेकीचा फोन. तेच. आई, तू माझ्याकडे ये. तिच्याकडे तिसऱ्या मजल्यावर खोली आहे माझ्यासाठी, न्हाणीघर शेजारीच, खिडकी मोठी. ती खिडकी मी पाहिलीय. तिच्यातून समोरच्यांची खिडकी दिसते. समोरही एक म्हातारी बसलेली असते. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघत बसायचं, आधी कोण जाते ते.

म्हटलं, मी आले तर इथे ठोकणार कोण? ती म्हणाली, वहिनी बघेल काहीतरी. म्हटलं, तुझ्या वहिनीच्या मनगटात रंगाच्या ब्रशापुरतं बळ आहे. मी उठले की धंदा बसला. तुझ्या भावाचा धंदा.

मग म्हणाली, ऑक्टोबरच्या अखेरीस जावई गाडी घेऊन येतील. तोवर हात खरंच चालायला लागला तर राहा. नाही तर यायचं.

ठीक. ठरलं. सात आठवडे आहेत. मी काही तिच्या घरी पाहुणी म्हणून मरायला जन्माला आलेले नाही.

१२ सप्टेंबर

नवा नेम. पहाटे उठून हाताचे सगळे व्यायाम, दोनदा.

१३ सप्टेंबर

उठायला आठ वाजले. नेम उद्यापासून.

१६ सप्टेंबर

चामडं हल्ली फार वाईट येतंय. टणक, काळपट, वर एक शिळी चमक. भिजवलं तरी फुगत नाही. ठोका मारला तर जुन्या चपलेवर मारल्यासारखं वाटतं. आणि माझ्या हाताला नावं ठेवतात!

१७ सप्टेंबर

काठी घेऊन स्वतः चामडेवाल्याकडे गेले. चार दुकानं पुढे, पण दोनदा बसावं लागलं. रस्ता उकरून ठेवलाय.

त्याला झाडलं. बाईमाणूस बघून शिळा माल खपवतोस का. तो म्हणाला, मावशी, तुमची सून तर एप्रिलपासून माझ्याकडून छापलेल्याच चकत्या नेते. मशीनवर छापलेल्या, पानाच्या. कोरं चामडं तिने घेतलंच नाही.

मला हसू आलं. बिचाऱ्याला आम्ही कोण तेही आठवेना. दुसऱ्याच कुणाचं गिऱ्हाईक आमच्या नावावर. साठीबुद्धी नाठी म्हणतात, याची पंचावन्नलाच गेली. त्याच्या बायकोला सांगितलं, लक्ष ठेव.

घरी येऊन सूनबाईला गंमत सांगितली. तिचा चहा उतू गेला. म्हणाली, हो, त्यांचा हल्ली गोंधळ होतो.

२१ सप्टेंबर

लाकडी हातोडी हलकी पडते, हे माझ्या आज लक्षात आलं. दोष सापडला. ठसा खोल उठत नाही तो म्हणून. खणातून लोखंडी हातोडी काढली. ओल्या चामड्याला लोखंड लागू द्यायचं नसतं, काळे डाग पडतात, हे मला माहीत आहे. मीच माझ्या मुलाला लहानपणी त्यावरून धपाटा घातला होता. पण मी ठशावर मारणार होते, चामड्यावर थोडीच.

पहिला ठोका ठशावर. दुसरा चामड्यावर. तिसरा डाव्या अंगठ्यावर असणार होता, पण हातोडीच निसटली आणि उजव्या पायावर पडली. काही वाटलं नाही. सूनबाई ओरडली तेव्हा खाली बघितलं तर रक्त. सहनशक्ती म्हणतात ती ही. आताच्या बायका सुई टोचली तर कण्हतात.

एका चकतीवर काळे डाग पडले. म्हटलं, राहू दे, ढगासारखे दिसतात, नवीन डिझाईन म्हणून खपव. ती बरं म्हणाली.

लोखंडी हातोडी खणात दिसत नाही. हरवली असेल.

२६ सप्टेंबर

व्यायामवाली आली. रबराचा चेंडू दाबायला लावला, मग सदऱ्याची बटणं. म्हणाली, मागच्या महिन्याएवढंच आहे, आजी. म्हटलं, घसरलं नाही ना? नाही. मग सुधारलंच की. या वयात न घसरणं म्हणजे चढणंच. ती कागदावर काहीतरी लिहीत होती. अक्षर माझ्याहून वाईट.

३० सप्टेंबर

सूनबाई रोज संध्याकाळी मागच्या खोलीचं दार लोटून खसखस काहीतरी घासत बसते. विचारलं तर म्हणाली, कडा घासतेय. इतक्या कडा आल्या कुठून? पाच चकत्यांना कडा असून असून किती असणार. चामडं घासायची हाडाची पट्टी झिजवून टाकली नुसती. काम करायला चार तास लावायचे आणि दमले म्हणून जेवायचं कमी. हे तिचं आधीपासूनचं. माझा मुलगा म्हणायचा, आई, तिच्या हाताला घाई नाही. म्हटलं, घाई नाही की अक्कल नाही, ते तुझं तू ठरव. तो हसायचा.

मला तिची किडकिडीत मनगटं आवडत नाहीत. दुधाचा पेला ठेवला तिच्यापुढे. प्यायली. थँक्यू म्हणाली. घरच्या घरी थँक्यू.

४ ऑक्टोबर

मोठा निर्णय. आता रंगाचंही मीच बघणार.

कारण असं. लेकीला बोलून पटत नाही, दाखवलं की पटतं. तिच्यासाठी कानातल्यांचा एक जोड, भिजवण्यापासून रंगापर्यंत सगळा माझ्या हातचा. जावई आले की डबी हातात द्यायची, म्हणायचं, घालून बघायला सांगा तिला, आणि गाडी मोकळीच परत न्या.

रंगात अवघड काय आहे? आधी पातळ रंग बोळ्याने. मग दाट गडद रंग वर फासायचा आणि लगेच पुसून काढायचा. सपाटीवरचा निघतो, खळग्यातला राहतो, आणि पान उठून दिसतं. हे काही डॉक्टरीचं शिक्षण नव्हे.

८ ऑक्टोबर

जुन्या कातरणाच्या तुकड्यावर पातळ रंग लावून बघितला. चढेना. जिथे जिथे माझं बोट लागलं होतं तिथे पांढरा ठिपका. सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही सकाळी डोक्याला तेल लावलंत, हात तेलकट आहेत, तेलावर रंग धरत नाही. म्हणजे आता तेलही लावायचं नाही. तेलवाल्याचीच भेसळ असणार. पूर्वीच्या तेलावर रंग धरायचा.

कपाळ, कान, एक दरवाजा आणि मांजर, एवढं रंगलं. मांजराला शोभतोय.

१० ऑक्टोबर

हात साबणाने तीनदा धुतले. रंग आज बरा बसला. सूनबाई म्हणाली, छान. खरं छान म्हणाली. मला फरक कळतो.

आता दाट रंग शिकायचा. मग जोड. मग जावई.

१३ ऑक्टोबर, सकाळी अकरा

सूनबाई दोरा आणायला गेलीय. आठवड्यातून दोनदा जाते, आणि पिशवी दोऱ्याला पाहिजे त्याहून जड असते, पण मी विचारत नाही. माझ्यासाठी काढलेल्या पाच चकत्या टेबलावर फडक्याखाली होत्या, अजून भिजवायच्या होत्या. म्हटलं, ठसा मारलेल्या चकतीवर प्रयोग नको, नासली तर मेहनत जाईल. कोरी घेऊ.

कोरी घेतली. दाट रंग फासला. पुसला.

कोऱ्या चकतीवरून रंग सगळीकडे सारखा निघायला पाहिजे.

निघाला नाही. आत रेघा राहिल्या. मी म्हटलं, माझं पुसणं कमी पडलं, पुन्हा पुसलं. रेघा आणखी स्पष्ट. देठ. मग एक कड. पान. डावीकडे झुकलेलं. त्याच्यावर दुसरं, त्याहून झुकलेलं. त्याच्यावर आणखी. एकावर एक, वाऱ्याने कोपऱ्यात लोटलेला पालापाचोळा असतो तसा.

मधली शीर कुठेच उठलेली नाही. देठ मात्र खोल. माझा ठसा हल्ली देठाकडून टेकतो. हात तिकडे पडतो.

बाकीच्या चार डाव्या अंगठ्याने चाचपल्या. उजव्याला कळत नाही. डाव्याला कळलं.

ती रोज संध्याकाळी माझी पानं घासून सपाट करते, आणि सकाळी त्याच चकत्या पुन्हा भिजवून माझ्यापुढे ठेवते. मी त्याच पाच चकत्या ठोकतेय. माझा ठोका इतका उथळ पडतो की हाडाच्या पट्टीने पुसला जातो.

चामडं शिळं नव्हतं. चामडं दमलं होतं.

फोटोतली पानं मशीनची.

एप्रिलपासून.

तोच दिवस, दुपार

रंगवलेली चकती उशीच्या अभ्र्यात घातली. तिच्यावरचा रंग काही धुऊन जाण्यातला नाही.

ती आली. फडकं उचललं. म्हणाली, आई, एक चकती कमी आहे.

म्हटलं, विकली गेली असेल.

ती पाण्याची वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी चष्मा पुसत होते. मग तिने चार चकत्या भिजवल्या. मी चार ठोकल्या. चामड्याबद्दल आज कुणी काही बोललं नाही.

१४ ऑक्टोबर

हात दुखतो म्हणून सांगितलं. पहिल्यांदाच. ठोकलं नाही. पडून राहिले.

१५ ऑक्टोबर

ठोकलं नाही.

लेकीची ती खिडकी तशी वाईट नाही. ऊन येतं म्हणे.

१६ ऑक्टोबर

घर फार गप्प आहे. दुपारी मागच्या खोलीत डोकावले. सूनबाई टेबलाशी बसलेली. पुढे चकत्या, नव्या, सरळ पानांच्या. आता लपवायच्या कशाला. रंगाची बाटली उघडी, वर साय धरलेली, ब्रश कोरडा. ती नुसती बसली होती. मी म्हटलं, रंग वाळतोय. ती म्हणाली, हो. झाकण लावलं नाही.

संध्याकाळी माझ्या खाटेशी आली. ही बाई भांडायला कधी येत नाही, रडायलाही येत नाही, त्यामुळे काय करायचं ते मला कळेना. मीच सुरुवात केली. म्हटलं, मला येडी समजलीस का, सहा महिने. चामडेवाल्याच्या बायकोला मी काय काय सांगून आले, माहितीये?

ती खाली बघून म्हणाली, "ते गेले तेव्हा पंधरा दिवस मला त्या टेबलाशी बसता आलं नाही. आई, तुमचा पहिला ठोका ऐकू आला त्या दिवशी मी ब्रश धरला. मला चकत्या नको होत्या. त्या बाजारात मिळतात."

म्हटलं, "मग आधी सांगायचंस. मी नुसता दगड बडवला असता. चामडं कशाला नासवलंस?"

ती हसली का रडली ते मी बघितलं नाही. मांजर खाटेखाली गेलं होतं, त्याला काढत होते.

१७ ऑक्टोबर

रात्र सरळ गेली नाही. एवढं कळलं ते लिहून ठेवते, हाताला व्यायाम.

धंदा माझ्या हातावर चालत नाही. मी नसते तर तो तसाच चालला असता. बराच, कारण तिच्या संध्याकाळी वाचल्या असत्या. माझ्या हाताचा उपयोग घड्याळाच्या टोल्याएवढा.

आणि तो टोलाही माझा नाही. मी ठोकते तेव्हा तिला मी ऐकू येत नाही. तिला माझा मुलगा ऐकू येतो.

मला मात्र ठोकताना तो ऐकू येत नाही, असं मी स्वतःला सांगत आले. मी काम करते.

१९ ऑक्टोबर

व्यायामवालीला सरळ विचारलं, हा हात होईल का पहिल्यासारखा? एवढ्या दिवसांत हे मी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, आजी, जे परत यायचं असतं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येतं. म्हटलं, म्हणजे आलं तेवढं आलं. ती म्हणाली, तरी लिहीत राहा. पोरगी चांगली आहे. जाताना माझी बटणं लावून गेली, मी लावू दिली.

२२ ऑक्टोबर

सकाळी टेबलाशी गेले. सूनबाईने विचारलं, नवी चकती देऊ? म्हटलं, नवी कशाला, त्या चार आहेत ना. तिने भिजवल्या. मी ठोकल्या. पानं वाकडीच आली. ती पलीकडे रंगवत होती, न थांबता, ओळीने. एकदाही वर बघितलं नाही. मी हातोडी खाली ठेवली की मात्र ब्रश थांबायचा.

म्हणून फार वेळ खाली ठेवली नाही. खांदा भरून आलाय.

लेकीचा जोड काही होणार नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

लेकीचा फोन, मी टेबलाशी असतानाच. उद्या दहाला जावई निघतात, बॅग भरलीस ना. म्हटलं, मी येत नाही. ती म्हणाली, हात चालायला लागला का? म्हटलं, नाही. आता चालणार नाही. तिला भांडायची सवय, आणि मी तिला भांडायला काही दिलं नाही. म्हणाली, मग धंद्याचं निमित्त सांगू नकोस, वहिनीने मला सांगितलंय, माल बाहेरून येतो. म्हटलं, हो, येतो. चांगला येतो, सरळ. मग म्हणाली, आणि ते रागाने नाही, खरंच विचारलं तिने, "आई, मग तू तिथे दिवसभर करतेस काय?"

सूनबाईचा ब्रश थांबला होता.

म्हटलं, "आवाज करते."

ती म्हणाली, काय, नीट ऐकू नाही आलं. म्हटलं, काही नाही. ठेव फोन, चामडं वाळतंय.